विश्लेषण : ‘द वुमन किंग’मधला राजा घेझो प्रत्यक्षात कसा होता? त्याने गुलामांचा व्यापार खरेच थांबवला का?

पश्चिम आफ्रिकेतील दाहोमे राज्य आणि तिथल्या स्त्रियांच्या फौजेवर बेतलेला ‘द वुमन किंग’ हा चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. व्हायोला डेव्हिसने साकारलेली सेनापती नानिस्का प्रेक्षकांच्या लक्षात राहिली. पण नानिस्का हे पात्र काल्पनिक आहे. जॉन बोयेगाने साकारलेला तिचा राजा घेझो मात्र खरा होऊन गेला. चित्रपटातला घेझो सेनापतीचा सल्ला ऐकतो आणि गुलामांच्या व्यापाराकडे पाठ फिरवतो. इतिहासातला घेझो ४० वर्षे गादीवर होता. त्या ४० वर्षांचा हिशेब पडद्यावर दिसतो तितका सरळ नाही.

दाहोमे नेमके कुठे होते?

आजच्या बेनिन देशाच्या दक्षिण भागात हे राज्य होते. फॉन लोकांच्या या राज्याची राजधानी आबोमे. ती समुद्रापासून सुमारे १०० किलोमीटर आत होती. आगाजा या राजाने १७२४ मध्ये आलादा आणि १७२७ मध्ये उइदाह जिंकले आणि दाहोमेला समुद्राची वाट मिळाली. उइदाह हे गुलामांच्या निर्यातीचे आफ्रिकेतील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक होते. तिथून अटलांटिकपार पाठवलेल्या माणसांची संख्या दहा लाखांच्या घरात असल्याचा इतिहासकारांचा अंदाज आहे. गाव किनाऱ्यापासून थोडे आत असल्याने कैद्यांना शेवटचे काही किलोमीटर चालवत समुद्रापर्यंत नेले जाई. त्याच वाटेच्या टोकाला आज ‘न परतीचे दार’ हे स्मारक उभे आहे.

समुद्र मिळाला तरी दाहोमे स्वतंत्र नव्हते. पूर्वेकडच्या ओयो या बलाढ्य योरुबा साम्राज्याला ते दर वर्षी खंडणी देत असे. ओयोची ताकद घोडदळात होती. पश्चिम आफ्रिकेच्या किनारपट्टीवर बहुतेक ठिकाणी दाट जंगल आहे. तिथे घोडे टिकत नाहीत. दाहोमेच्या भागात मात्र मोकळा गवताळ प्रदेश थेट समुद्रापर्यंत उतरतो. त्यामुळे ओयोच्या घोडदळाला इथे अडवणारे काही नव्हते.

घेझो गादीवर कसा आला?

घेझोचे मूळ नाव गाक्पे. तो राजा आगोंग्लोचा मुलगा. १७९७ मध्ये आगोंग्लोचा राजवाड्यातच खून झाला आणि आदांदोझान गादीवर बसला. त्याने २१ वर्षे राज्य केले. हा काळ कठीण होता. ब्रिटनने १८०७ मध्ये आपल्या नागरिकांना गुलामांच्या व्यापारास बंदी केली, पुढे इतर देशांवरही दबाव आणला. निर्यात घटली, तिजोरीत ओढाताण सुरू झाली.

याच सुमारास फ्रान्सिस्को फेलिक्स दि सौझा हा ब्राझीलमधून आलेला व्यापारी उइदाहमध्ये बस्तान बसवत होता. आदांदोझानकडे त्याची उधारी थकली. ती मागायला गेल्यावर राजाने त्याला कैदेत टाकले. कैदेत त्याला निळीच्या पिंपात बुडवल्याची गोष्टही सांगितली जाते. तुरुंगात त्याची गाठ गाक्पेशी पडली, असे परंपरा सांगते. दोघांमध्ये रक्ताची शपथ झाली. दि सौझाने निसटून जाऊन बंदुका आणि माल पुरवला. १८१८ मध्ये गाक्पेने बंड करून आदांदोझानला खाली खेचले आणि घेझो हे नाव घेतले.

नव्या राजाने मित्राचे उपकार फेडले. दि सौझाला ‘शाशा’ हा किताब आणि उइदाहच्या व्यापारात पहिला मान मिळाला. गुलामांच्या व्यापाऱ्याच्या भांडवलावर घेझोची सत्ता उभी राहिली होती. पुढच्या ४० वर्षांत ही गाठ कधी पूर्ण सुटली नाही. चित्रपटातला सांतो फेरेरा हा खलनायक ढोबळमानाने याच दि सौझावर बेतला आहे. फरक एवढाच, की पडद्यावर तो राजाचा शत्रू आहे.

आदांदोझानला मारले गेले नाही. तो नजरकैदेत पुढे अनेक वर्षे जगला, मात्र राजांच्या अधिकृत यादीतून त्याचे नाव पुसले गेले. आज आपण त्याला क्रूर आणि नालायक राजा म्हणून ओळखतो ते मुख्यतः विजेत्यांनी सांगितलेल्या इतिहासामुळे. त्याने पोर्तुगीज दरबाराला भेट म्हणून पाठवलेले एक सिंहासन रिओ दि जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात होते. २०१८ च्या आगीत तेही जळाले.

राजाची आईच गुलाम म्हणून विकली गेली होती?

घेझोच्या आयुष्यातील ही सर्वांत विलक्षण गोष्ट. त्याची आई म्हणून आगोंतिमे हिचे नाव घेतले जाते. आगोंग्लोच्या मृत्यूनंतरच्या सत्तासंघर्षात ती विरोधी गटात होती, म्हणून आदांदोझानने तिला गुलाम म्हणून अटलांटिकपार विकले, असे सांगितले जाते. दरबारात नको झालेल्या माणसांना जहाजावर चढवणे ही दाहोमेत नवी गोष्ट नव्हती. मारण्यापेक्षा विकणे सोयीचे होते आणि त्यात पैसेही मिळत.

घेझोने गादीवर आल्यावर तिच्या शोधासाठी समुद्रापार माणसे पाठवली. ब्राझीलच्या साओ लुईस शहरात ‘कासा दास मिनास’ हे मंदिर आहे. तिथे दाहोमेच्या राजघराण्यातील पूर्वजांची पूजा होते. ही नावे सामान्य कैद्यांना ठाऊक असणे कठीण, त्यामुळे मंदिराची स्थापना आगोंतिमेनेच केली असावी, असा तर्क पियेर व्हेर्जे या अभ्यासकाने मांडला. ती परत आली का, यावर इतिहासकारांत एकमत नाही. मात्र घेझोच्या दरबारात ‘क्पोजितो’ हे पद तिच्या नावाने भरले गेले. क्पोजितो म्हणजे राजाच्या बरोबरीने मान असलेली राजमाता. चित्रपटाच्या नावातली ‘वुमन किंग’ ही कल्पना याच पदावरून घेतली आहे.

आईला गुलामगिरीत गमावलेला हा राजा स्वतः इतरांच्या आया, मुले विकतच राहिला. घेझोचे चरित्र वाचताना हा पेच टाळता येत नाही.

ओयोची खंडणी कशी थांबली?

चित्रपट १८२३ मध्ये घडतो. हे साल काल्पनिक नाही. ओयो तोपर्यंत आतून खिळखिळे झाले होते. उत्तरेकडच्या इलोरिनमध्ये बंड झाले होते, सरदार एकमेकांशी भांडत होते. घेझोने ही वेळ अचूक हेरली आणि खंडणी थांबवली. ओयोने सैन्य पाठवले, पण दाहोमेने ते परतवून लावले. सुमारे शंभर वर्षांचे मांडलिकत्व संपले.

घेझोची दाहोमेतील प्रतिमा या विजयावर उभी आहे. त्याने उत्तरेकडच्या माही प्रदेशावरही मोहिमा केल्या आणि राज्याची सीमा वाढवली. पण या प्रत्येक मोहिमेतून कैदी आले, आणि कैद्यांतले बरेच उइदाहच्या वाटेने गेले.

स्त्रियांची फौज घेझोने उभारली का?

नाही, पण ती खऱ्या अर्थाने मोठी केली घेझोने. शस्त्र घेतलेल्या स्त्रिया दाहोमेत आधीपासून होत्या. १७२९ मध्ये आगाजाने स्त्रियांना शस्त्रे देऊन सैन्याच्या मागे उभे केल्याची नोंद आहे. राजवाड्यात रात्री पुरुषांना राहायची परवानगी नसल्याने पहाराही स्त्रियाच देत. घेझोच्या आधी त्यांची संख्या काही शेकड्यांत होती. त्याच्या काळात ती काही हजारांवर गेली. सहा हजारांपर्यंतचा अंदाज वर्तवला जातो.

संख्या वाढवण्यामागे साधे गणित होते. सततच्या लढायांत पुरुष मारले जात होते, शिवाय व्यापारातही अनेक पुरुष बाहेर विकले जात होते. आसपासच्या राज्यांच्या तुलनेत दाहोमेची लोकसंख्या कमी होती. दुसरे कारण सत्तेचे. घेझो स्वतः बंड करून आला होता. ज्यांचा कुठल्याही सरदाराच्या घराण्याशी संबंध उरलेला नाही आणि ज्यांचे सर्वस्व राजवाडाच आहे, अशी फौज त्याला सर्वांत भरवशाची वाटली असणार.

युरोपीय प्रवाशांनी त्यांना ‘ॲमेझॉन’ म्हटले. स्थानिक नावे वेगळी होती. ‘आगोजी’ हे त्यातले एक, ‘मिनो’ म्हणजे आमच्या आया हे दुसरे. कागदोपत्री त्या राजाच्या बायका होत्या, त्यामुळे त्यांना लग्न किंवा मुले करता येत नसत. त्या रस्त्याने निघाल्या की पुढे एक मुलगी घंटा वाजवत चाले आणि पुरुषांना बाजूला होऊन नजर वळवावी लागे. काही जणी घरच्यांनी पाठवलेल्या होत्या, तर काही जणी लढाईत पकडून आणलेल्या परक्या मुली होत्या. बंदूकधारी, धनुर्धारी, हत्तींची शिकार करणाऱ्या, लांब वस्तऱ्यासारखे पाते वापरणाऱ्या अशा त्यांच्या तुकड्या होत्या. ‘ब्लॅक पँथर’ या चित्रपटातील डोरा मिलाजे या पथकामागची प्रेरणाही हीच फौज आहे.

या स्त्रियांना मान होता, राजवाड्यात जागा होती, सेवेला गुलाम होते. त्या मोठ्या सभेत राजासमोर युद्धाबद्दल मत मांडत. मात्र त्या लढत होत्या त्या बहुतेक लढाया माणसे पकडण्यासाठीच होत्या.

राज्याचे अर्थकारण कसे चालायचे?

थोडक्यात सांगायचे तर बंदुका, लढाई, कैदी आणि पुन्हा बंदुका. युरोप आणि ब्राझीलमधून बंदुका, दारूगोळा, कापड, रम आणि बाहिया प्रांतातील तंबाखू येई. त्या बदल्यात कैदी जात. रोजच्या व्यवहारात चलन होते कवडीचे. मराठीत कवडीमोल आणि फुटकी कवडी हे शब्द राहिले. दाहोमेत मात्र याच कवड्यांनी बाजार चालत होता. मालदीव बेटांच्या समुद्रातून निघणारी कवडी जहाजांच्या तळाशी भरून आधी युरोपला आणि तिथून पश्चिम आफ्रिकेला जात असे.

दर वर्षी आबोमेत मोठा सोहळा होई. पूर्वजांचे स्मरण, फौजेचे संचलन, कर गोळा करणे आणि राजाने प्रजेला कवड्या, कापड वाटणे असा तो कार्यक्रम असे. याच सोहळ्यात युद्धकैद्यांचे बळीही दिले जात. राजाचे औदार्य ज्या तिजोरीतून चाले, ती कैद्यांच्या विक्रीवर भरत होती. म्हणूनच ब्रिटिश वकिलातींनी व्यापार बंद करण्याची मागणी केली तेव्हा घेझोने पुन्हा पुन्हा एकच अडचण सांगितली. हा व्यापार थांबला तर आपल्याला सैन्य आणि सरदार सांभाळता येणार नाहीत, आणि आपली गादीही राहणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्यात सबब होती, तसे तथ्यही होते. आदांदोझानचे काय झाले ते त्याने स्वतःच घडवून आणले होते.

आइना या मुलीची गोष्ट काय?

हे सगळे आकडे एका मुलीच्या आयुष्यात पाहता येतात. १८४८ मध्ये दाहोमेच्या सैन्याने ओकेआदान या योरुबा गावावर हल्ला केला. आइना तेव्हा साधारण पाच वर्षांची होती. तिचे आईवडील मारले गेले आणि तिला पकडून आबोमेला नेले गेले. १८५० मध्ये फ्रेडरिक फोर्ब्स हा ब्रिटिश नौदल अधिकारी घेझोकडे व्यापारबंदीची बोलणी करायला आला. वार्षिक सोहळ्यात आइनाचा बळी जाण्याची शक्यता त्याला दिसली. ती मुलगी राणी व्हिक्टोरियासाठी भेट म्हणून द्यावी, असे त्याने घेझोला सुचवले आणि घेझोने ते मान्य केले.

फोर्ब्सने तिला आपले आणि आपल्या जहाजाचे नाव दिले. ती सारा फोर्ब्स बोनेटा झाली. राणीने तिच्या शिक्षणाचा खर्च उचलला. १८६२ मध्ये ब्रायटनला तिचे लग्न झाले. तिच्या मुलीचे नाव व्हिक्टोरिया ठेवले गेले आणि राणी त्या मुलीची धर्ममाता झाली. १८८० मध्ये मदेरा बेटावर क्षयाने साराचा मृत्यू झाला. तिच्याबरोबर पकडल्या गेलेल्या इतरांची नावे कुठेही लिहिलेली नाहीत.

आबेओकुटात काय घडले?

ओयो मोडल्यावर निर्वासित झालेल्या एग्बा योरुबांनी १८३० च्या सुमारास आजच्या नायजेरियात आबेओकुटा हे शहर वसवले. ते झपाट्याने वाढले. ख्रिस्ती मिशनरी तिथे आले आणि ब्रिटिशांचा ओढाही त्याच शहराकडे होता. दाहोमेच्या दृष्टीने हा नवा प्रतिस्पर्धी होता. मार्च १८५१ मध्ये घेझोने आबेओकुटावर चाल केली. स्त्रियांची फौज आघाडीवर होती. फोर्ब्सने आदल्या वर्षी जिचे चित्र काढले होते ती सेह-दाँग-हाँग-बेह ही त्यांच्या नायिकांपैकी एक मानली जाते.

एग्बांना हल्ल्याची खबर आधीच लागली होती. तटबंदी दुरुस्त करून ते तयार होते आणि ब्रिटिशांकडून त्यांना दारूगोळाही मिळाला होता. दाहोमेचा दणदणीत पराभव झाला आणि स्त्री सैनिकांची मोठी हानी झाली. ४० वर्षांच्या कारकीर्दीतला हा घेझोचा सर्वांत मोठा पराभव.

पाम तेलाचा पर्याय का टिकला नाही?

चित्रपटात नानिस्का राजाला सांगते, की माणसे विकण्याऐवजी पाम तेल विका. हा पर्याय काल्पनिक नव्हता. औद्योगिक क्रांतीमुळे ब्रिटन आणि फ्रान्सला साबण, मेणबत्त्या आणि यंत्रांच्या वंगणासाठी तेल हवे होते. मार्सेच्या रेजिस या व्यापारी पेढीने १८४० च्या दशकात उइदाहमध्ये तेलाची खरेदी सुरू केली. घेझोनेही तेलावर कर बसवला आणि पामची लागवड वाढवली. पण हे १८२३ मध्ये घडले नाही. त्याला आणखी वीस वर्षे लागली, आणि तेही एखाद्या सेनापतीच्या सल्ल्याने नव्हे, बाजार बदलल्यामुळे.

१८४९ मध्ये दि सौझाचा मृत्यू झाला. १८५० मध्ये ब्राझीलने गुलामांच्या आयातीवर कडक कायदा केला. आबेओकुटाच्या पराभवानंतर ब्रिटिश नौदलाने दाहोमेच्या किनाऱ्याची नाकेबंदी केली. चारही बाजूंनी कोंडी झाल्यावर जानेवारी १८५२ मध्ये घेझोने गुलामांची निर्यात थांबवण्याच्या करारावर संमती दिली.

काही वर्षे निर्यात खरोखर घटली. पण तेलाचे अर्थशास्त्र वेगळे होते. कैदी पकडणे हे राजाच्या सैन्याचे काम, त्यामुळे नफ्याचा मोठा वाटा राजाकडे येई. तेल मात्र कोणीही शेतकरी काढू शकत होता. पैसा अनेक हातांत वाटला जाई. शिवाय फळे तोडणे, उकडणे, तेल काढणे आणि वाहून नेणे यासाठी प्रचंड मनुष्यबळ लागे. ते काम दाहोमेतल्या गुलामांकडूनच करून घेतले जाई. म्हणजे निर्यात घटली तरी गुलामगिरी संपली नव्हती, ती फक्त समुद्रापार जाण्याऐवजी शेतात राहिली. दरबारातही दोन तट पडले. क्युबात ऊस मळ्यांसाठी मागणी होतीच. १८५७ च्या सुमारास घेझोने करार बाजूला ठेवून पुन्हा निर्यात सुरू केली.

घेझोचा मृत्यू कसा झाला?

१८५८ मध्ये. त्याबद्दल दोन कथा आहेत. केतू या योरुबा राज्याच्या बाजूच्या मोहिमेत त्याला गोळी लागली, ही एक. देवीच्या साथीत तो गेला, ही दुसरी. त्यानंतर त्याचा मुलगा ग्लेले गादीवर आला आणि त्याने युद्ध व गुलामांचा व्यापार हीच जुनी वाट धरली. १८६० मध्ये ‘क्लोटिल्डा’ हे जहाज उइदाहहून सुमारे ११० कैदी घेऊन अमेरिकेच्या अलाबामात पोहोचले. अमेरिकेत गुलाम आणणारे ते शेवटचे ज्ञात जहाज. त्यातले कोसोला ऊर्फ कुजो लुईस १९३५ पर्यंत जगले. दाहोमेच्या फौजेने आपले गाव कसे उद्ध्वस्त केले, हे त्यांनी लेखिका झोरा नील हर्स्टन यांना सांगितले. ते पुस्तक २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

घेझोचा नातू बेहांझिन याच्या काळात फ्रेंचांनी दाहोमे जिंकले. स्त्रियांची फौज १८९० आणि १८९२ च्या युद्धांत फ्रेंच तोफा-बंदुकांसमोर लढली आणि जवळपास संपली. नोव्हेंबर १८९२ मध्ये कर्नल दोद्स याचे सैन्य आबोमेत शिरले.

बेनिन आज घेझोकडे कसे पाहतो?

आबोमेचे राजवाडे १९८५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. तिथले संग्रहालय घेझो आणि ग्लेले यांच्या वाड्यांत आहे. फ्रेंच सैन्याने १८९२ मध्ये लुटून नेलेल्या २६ वस्तू फ्रान्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये बेनिनला परत केल्या. त्यात घेझोचा अर्धमानव, अर्धपक्षी रूपातील पुतळा आहे. माती दियोप यांच्या ‘दाहोमे’ या माहितीपटात हाच पुतळा स्वतःची कहाणी सांगतो. या माहितीपटाला २०२४ मध्ये बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले. कोतोनू शहरात २०२२ मध्ये स्त्री योद्ध्याचा ३० मीटर उंच पुतळाही उभारला गेला.

घेझोचे चिन्ह म्हणजे भोके पडलेला रांजण. सर्वांनी आपापले बोट एकेका भोकावर ठेवले तर पाणी सांडणार नाही, हा त्याचा अर्थ. आज हे चिन्ह बेनिनमध्ये राष्ट्रीय एकतेचे प्रतीक मानले जाते.

त्याच देशात दुसरी बाजूही मोकळेपणाने मांडली जाते. १९९९ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष मातिये केरेकू यांनी अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका चर्चमध्ये आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी लोकांची माफी मागितली. गुलामांच्या व्यापारात आफ्रिकी राज्यकर्त्यांचाही हात होता, याची ती कबुली होती. २०२४ मध्ये बेनिनने आणखी एक पाऊल टाकले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांच्या वंशजांना बेनिनचे नागरिकत्व देणारा कायदा केला. घेझोच्या काळात उइदाहच्या वाटेने ज्यांना समुद्राकडे नेले गेले, त्यांच्या पणतवंडांना आता त्याच देशाचा पासपोर्ट मागता येतो.